वाचकांचे प्रश्न : नॅशव्हिलला एकच संध्याकाळ हाताशी असेल तर?

प्रश्न : गेली पंचवीस-तीस वर्षे मी अमेरिकेचे कंट्री संगीत ऐकतो आहे, आधी कॅसेटवर ऐकत असे, आता फोनवर ऐकतो. येत्या शरद ऋतूत मुलीकडे जाणार असून तिने नॅशव्हिलला दोन दिवस मुक्काम ठरवला आहे. एका नामवंत गायकाचा स्टेडियममधला कार्यक्रम आणि ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा अनेक कलावंतांचा कार्यक्रम यांपैकी एकच पाहणे जमेल. ऑप्रीत त्या दिवशी कोणकोण गाणार, हे तिकीट काढताना पूर्ण कळत नाही, असे मुलगी म्हणते. अशा वेळी ऑप्रीवर पैसे घालवावेत का?

उत्तर : जरूर घालवावेत. यादी अपुरी आहे म्हणून मागेपुढे पाहू नका. स्टेडियममध्ये आपला आवडता गायक बहुतेक वेळ मोठ्या पडद्यावरच दिसतो, आणि तोच कार्यक्रम घेऊन तो इतर शहरांतही जातो. ऑप्री ऐकायची तर नॅशव्हिललाच जावे लागते.

ऑप्री हा मुळात रेडिओचा कार्यक्रम आहे, हे ध्यानात ठेवून गेलात तर तिथल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होईल. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी डब्ल्यूएसएम या केंद्रावरून तो सुरू झाला आणि आजही त्याच केंद्रावरून थेट प्रसारित होतो. १९२७ साली अभिजात संगीताच्या एका कार्यक्रमानंतर याची वेळ आली असता, ‘आतापर्यंत आपण ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ग्रँड ओल ऑप्री ऐका’ अशा आशयाचे निवेदन कार्यक्रमाचे निवेदक जॉर्ज हे (Hay) यांनी केले. ऑपेरा या शब्दाचा तो गावरान उच्चारच पुढे कार्यक्रमाचे नाव झाला. त्या निवेदनाच्या जरा आधी डीफर्ड बेली या कृष्णवर्णीय कलावंताचे माउथ ऑर्गनवादन झाले होते. ऑप्रीच्या पहिल्या लोकप्रिय कलावंतांमध्ये त्यांची गणना होते, आणि कंट्री संगीत केवळ गोऱ्यांचे असे मानणाऱ्यांनी हे नाव आवर्जून लक्षात ठेवावे.

रेडिओचा कार्यक्रम असल्यामुळे रंगमंचाच्या एका कडेला निवेदक उभा असतो आणि दोन कलावंतांच्या मध्ये तो प्रायोजकांच्या जाहिराती वाचून दाखवतो. प्रत्येक कलावंत साधारण दोन-तीन गाणी म्हणतो आणि पुढच्याला जागा करून देतो. सत्तरी ओलांडलेला ज्येष्ठ गायक, पहिल्यांदाच इथे उभी राहिलेली तरुण गायिका, ब्लूग्रासचा (बँजो-फिडलवर वाजणाऱ्या कंट्रीच्या एका प्रकाराचा) एखादा संच, मधूनच एखादा विनोदवीर अशी ती मांडणी असते. मी गेलो होतो तेव्हा ज्यांच्यासाठी तिकीट काढले होते त्यांची गाणी छानच झाली. पण आज आठवतात ती, नावही आधी ऐकलेले नसलेल्या एका गायिकेने नुसत्या गिटारवर म्हटलेली दोन गाणी.

रंगमंचाच्या मधोमध फळ्यांचे सुमारे सहा फूट व्यासाचे एक वर्तुळ आहे, ते नीट पाहा. भोवतालच्या लाकडाहून त्याचा पोत वेगळा दिसतो, कारण ते जुन्या रायमन सभागृहाच्या रंगमंचातून कापून आणलेले आहे. १९४३ पासून १९७४ पर्यंत ऑप्री रायमनमध्ये होत असे. हँक विल्यम्स आणि पॅट्सी क्लाइन हे कंट्रीचे गाजलेले गायक तिथेच गायले. १९७४ मध्ये ऑप्री शहराच्या मध्यवस्तीबाहेरच्या नव्या वास्तूत गेली तेव्हा ते वर्तुळ सोबत नेले. मे २०१० च्या पुरात रंगमंच पाण्याखाली गेला, तरी वर्तुळ वाचले आणि दुरुस्त होऊन त्याच वर्षी पुन्हा जागेवर बसले. नवखा कलावंत मायक्रोफोनपाशी येताना क्षणभर खाली स्वतःच्या पायांकडे पाहतो, तो याच वर्तुळामुळे.

दुसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे पेडल स्टील गिटार. रेकॉर्डवर जो सूर हुंदक्यासारखा सरकत वर जातो, तो याच वाद्याचा. वादक बसून वाजवतो. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून फिरते, उजव्या हाताच्या बोटांत नख्या असतात, पाय पेडलवर असतात आणि त्याच वेळी गुडघ्यांनी दांडे ढकलून तो तारांचे सूर बदलत असतो. हे सारे दिसेल अशी जागा घ्या. ती किंचित कडेची असली तरी चालेल.

तिकिटावर वास्तूचे नाव तेवढे तपासा, कारण ऑप्रीचे काही प्रयोग अजूनही रायमनमध्ये होतात आणि दोन्ही ठिकाणांत बरेच अंतर आहे. तसा प्रयोग नसला तरी दिवसा रायमन पाहता येते. १८९२ साली प्रार्थनास्थळ म्हणून ते खुले झाले, त्यामुळे श्रोत्यांना आजही लाकडी बाकांवरच बसावे लागते.

प्रश्न : नॅशव्हिलच्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या हॉन्कीटॉन्कमध्ये (थेट गाणे चालणाऱ्या बारमध्ये) प्रवेशशुल्क नसते असे वाचले. मग तिथे गाणाऱ्यांना मिळते काय?

उत्तर : त्यांच्या कमाईचा मोठा भाग श्रोत्यांच्या टिपचा असतो. रंगमंचाच्या कडेला बरणी किंवा बादली ठेवलेली असते, आणि मधूनमधून वाद्यवृंदातलेच कोणी ती घेऊन टेबलांमधून फिरते. म्हणून सुट्या डॉलरच्या नोटा जवळ ठेवाव्यात, आणि एखादे गाणे म्हणण्याची फर्माइश करायची असल्यास चिठ्ठीसोबत नोट द्यावी. फुकट फर्माइश करणे तिथे बरे दिसत नाही. सकाळी दहा-अकराला सुरू झालेले गाणे मध्यरात्रीनंतरही चालू असते, आणि एकेक संच बहुधा तीन-चार तास सलग वाजवतो. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा जा. वाद्यवृंदाच्या अगदी पुढ्यात बसायला मिळते आणि फिडलवाल्याचा (व्हायोलिनवाल्याचा) गज तारेवर टेकतानाचा आवाजसुद्धा ऐकू येतो.