मुलाला शिष्यवृत्ती परीक्षेला बसवावे का?

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्याकडे येणाऱ्या पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो: मूल अभ्यासात चांगले आहे, परंतु साधारण फेब्रुवारीत होणाऱ्या शिष्यवृत्ती परीक्षेचे नाव काढले की त्याचे पोट दुखते, तर त्याला बसवावे की राहू द्यावे?

सिंहगड रस्त्यावर राहणारे एक जोडपे काही वर्षांपूर्वी आठवीतल्या मुलाला घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तेव्हा ही परीक्षा पाचवीत आणि आठवीत होत असे. पाचवीत हा मुलगा गुणवत्ता यादीत आला होता आणि शाळेच्या फलकावर त्याचा फोटोही लागला होता, आता मात्र दर रविवारी सराव परीक्षेला निघताना त्याला मळमळत असे. ‘मॅडम, नकोच ही परीक्षा,’ असे आईचे म्हणणे होते. वडील पुरंदर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले. त्यांच्या वेळी असलेल्या सातवीच्या शिष्यवृत्तीत नंबर आला म्हणूनच घरच्यांनी त्यांना पुढील शिक्षणासाठी पुण्यात पाठवले होते. ‘माझ्यामागे ना ओळख होती, ना शिफारस. एक पेपर होता,’ असे ते म्हणाले, आणि त्यांचे हे म्हणणे मला कधीही खोडून काढावेसे वाटले नाही. खेड्यातल्या आणि शहरातल्या मुलापुढे एकच प्रश्नपत्रिका येते आणि उत्तरे तपासताना कोणाचे आडनाव पाहिले जात नाही, हे या परीक्षेचे खरे बळ आहे.

मी मुलाला सरावाच्या उत्तरपत्रिका घेऊन यायला सांगितले. या परीक्षेत दोन पेपर असतात, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ७२ सेकंद मिळतात. त्याने सोडवलेले बहुतेक प्रश्न बरोबर होते, पण शेवटचे पंधरा-वीस कोरेच राहिले होते. उत्तराच्या पर्यायांची वर्तुळे तर इतकी दाबून रंगवली होती की कागद उलटा केल्यावर उठाव बोटाला लागत होता. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘एकदा रंगवलं की बदलता येत नाही ना.’ त्यामुळे प्रत्येक उत्तर तो पुन्हा पुन्हा ताडून पाहत असे. त्यातच आठवीच्या काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असत आणि दोन्ही नोंदवल्याशिवाय गुण मिळत नसत, ही गोष्ट अशा मुलाच्या शंकेला खतपाणीच घालत असे.

मनात गणित मांडायला जी जागा लागते, तीच काळजीने व्यापली की येत असलेलेही सुचत नाही. अशा वेळी गुणपत्रिका गणिताइतकेच घाबरण्याचेही मोजमाप करते, आणि त्यातले किती कशाचे हे गुणांवरून कळत नाही. मला अधिक खटकले ते वेगळेच. एक उदाहरण कसे सोडवले, असे विचारल्यावर त्याने ‘पर्याय टाकून बघितले’ एवढेच सांगितले. रीत त्याला मांडता आली नाही. क्लासने वेळ वाचवायला शिकवले होते आणि त्या भरात समजून घेणे मागे पडले होते.

परीक्षा सोडू नये, असे माझे मत पडले. भीतीपोटी टाळलेली गोष्ट पुढच्या खेपेला अधिकच मोठी वाटते. मात्र क्लासचा एक दिवस कमी करून त्या वेळेत दोनच उदाहरणे पायऱ्यांसह वहीत लिहायची, सरावात पाच-पाच उत्तरे ठरवून मग एकदम वर्तुळे रंगवायची आणि रंगवलेल्याकडे परत पाहायचे नाही, असे ठरले. वडिलांना मी एकच विनंती केली: घरी आल्या आल्या ‘किती पडले?’ असे विचारू नका. त्यांना ते सर्वांत जड गेले. ‘आपल्या घरात नंबर येतोच,’ हे त्यांचे कौतुकाचे वाक्य मुलाने धमकीसारखे ऐकले होते, हे त्यांना मुलाच्याच तोंडून कळले.

मुलगा परीक्षेला बसला. दोन्ही पेपर त्याने पूर्ण सोडवले. यादीत मात्र नाव आले नाही. त्यानंतर वडील एकटेच भेटायला आले आणि दहावीला असे चालणार नाही, म्हणाले. मी त्यांना दहावीची रचनाच समजावून सांगितली: बहुतेक विषयांत ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० अंतर्गत मूल्यमापनाला असतात, टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवरून काढता येते आणि पुरवणी परीक्षाही होते. त्यांनी हे सारे कागदावर उतरवून घेतले आणि मुलालाही सांगायचे का, असे विचारले. मी म्हणाले, ‘आजच सांगा.’