गोल्फ कोर्सलगत घर घेताय? आधी नाला बघा
बेळगावात गोल्फ कोर्सच्या कंपाउंडलगत बैठं घर बघताय, आणि मालक "मागं कधी बिल्डिंग उठणार नाही" म्हणतोय, हे तुमच्या प्रश्नात वाचलं आणि राहवलं नाही. आमचं घरही अशाच कंपाउंडला लागून आहे. उतारा, ईसी (बोजा आहे का ते सांगणारा दाखला), बिनशेतीचा आदेश तुम्ही तपासालच, ते सोडून देतो.

तुम्ही बिबट्याचं विचारलंय. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्याच जाधवनगरात एका बांधकाम मजुरावर हल्ला झाला, मग बिबट्या गोल्फ कोर्सच्या झाडीत दिसला, आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली, शोधाला सक्रेबैलच्या हत्ती कॅम्पातून हत्ती आणले. भीती खरीच होती. पण आम्हाला खरा त्रास दिला तो पाण्यानं.

एवढं मोठं उताराचं रान, त्यावरचं पावसाचं पाणी शेवटी कंपाउंडच्या कडेनं नाल्यालाच येतं. आमच्या मागचा नाला झुडपं आणि प्लास्टिकनं तुंबला आणि जुलैच्या झडीत लाल पाणी मोरीतून उलटं स्वयंपाकघरात आलं. तांदळाचा डबा तरंगत होता. मागची भिंत त्याच पावसात बसली. त्याआधीच उन्हाळ्यात मी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. नाव लिहीत नाही. टेबलावरच्या माणसानं कागद न वाचता फिरवून परत सरकवला, "नाला आमच्या नकाशात नाही." पलीकडची जमीन एका खात्याची, रस्ता दुसऱ्याचा, मधला नाला कुणाचाच नाही. शिक्का मारून अर्ज घेतला असता तरी पुढं भांडायला कागद राहिला असता. त्याचा राग आजही आहे.

म्हणून माझं ठाम मत: घर भर पावसात बघा, तेही मागच्या बाजूनं. भिंतीवर पाण्याची रेघ दिसते का पाहा, शेजारच्या काकूंना विचारा, एजंटाला नको. अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या, नाहीतर भाषेवरूनच परत येतो. कार्यालयात अर्ज घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. मग माहिती अधिकारात नाल्याची मालकी विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मात्र कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, तेव्हा कहाणी लिहू नका. मी वकील नाही, मोठा व्यवहार असेल तर वकिलाला दाखवाच.

चेंडूचंही सांगतो. बहुतेक खेळाडू उजव्या हाताचे, नवख्यांचा फटका उजवीकडे वळतो. टीवरून, म्हणजे पहिला फटका मारतात तिथून, बघताना घर फेअरवेच्या (खेळायच्या कापलेल्या हिरवळपट्ट्याच्या) उजवीकडे येत असेल तर सोलरच्या काचनळ्यांवर जाळी बसवा, पोरांना मागच्या अंगणात एकटं सोडू नका. प्रत्येक मैदानाची आखणी वेगळी, तेव्हा रविवारी सकाळी खेळ चालू असताना तासभर उभं राहून बघा.

आणि मालक भाव कमी करो वा न करो, जोत्याची उंची मोजून घ्या. मागच्या नाल्याच्या काठापेक्षा जोतं खाली असेल तर मी तरी ते घर घेणार नाही.