सदस्य टेबलाशी येऊन ओरडतात, तक्रार कोणाकडे करू?

प्रश्न : मी स्थानिक स्वराज्य संस्थेच्या ऑफिसात परवान्यांच्या टेबलावर आहे. एक सदस्य दर दोन दिवसांनी येतात, सगळ्यांसमोर अरेतुरे करतात, आज फाइल सुटली नाही तर तुझी बदलीच करतो म्हणतात, रात्री अकरानंतर फोन. प्रमुखांना सांगितलं तर म्हणे निवडून आलेला माणूस आहे, सांभाळून घ्या. अजून किती सांभाळू?

उत्तर : ताई, बस झालं सांभाळणं. सदस्याचा जोर असतो सभेत, सगळ्यांनी मिळून ठराव करतात तिथे. तुमच्या टेबलाशी एकट्याने उभं राहून हुकूम सोडायचा अधिकार सहसा कुठल्याच व्यवस्थेत नसतो. ते तुमचे साहेब नाहीत. पण खरी गोची अशी की ते कर्मचारीही नाहीत, म्हणजे तुम्ही ओरडलात तर तुम्हाला मेमो, ते ओरडले तर मेमो काढणार कोण? ही फट सगळीकडे आहे बरं का. इंग्लंडमध्ये 2011 च्या लोकॅलिझम कायद्याने सदस्याला निलंबित करायची सोयच काढून टाकली, आणि कॅनडातल्या ऑन्टारिओत आचारसंहिता मोडली म्हणून कौन्सिल देणार काय तर समज, नाहीतर 90 दिवसांपर्यंत मानधन बंद, एवढंच वर्षानुवर्षं चालत आलं.

म्हणून तुमचं शस्त्र कागद. तोंडी काही सांगितलं की त्याच दिवशी मेल टाका, 'आज आपण अमुक फाइलबद्दल बोललात, ती तपासणीत आहे, नंबराप्रमाणे निर्णय होईल', आणि कॉपी प्रमुखांना. भाषा गोड ठेवा, टोमणा नको. लेखी म्हटलं की भलेभले गार पडतात. वहीत तारीख, वेळ, नेमके शब्द, शेजारी कोण होतं ते लिहा, रात्रीच्या फोनचे स्क्रीनशॉट ठेवा. अंगावर धावून आले किंवा जिवाची धमकी दिली तर मात्र वही बाजूला ठेवा आणि सरळ पोलीस.

आणि ते प्रमुख! कर्मचाऱ्याला सुरक्षित जागा देणं हे त्यांचंच काम आहे, सदस्यांच्या मागण्या आधी माझ्याकडे येतील असा नियम तेच लावू शकतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2019 मध्ये केलेला 190 क्रमांकाचा करार सरकारी नोकरीलाही धरतो, फोन-मेसेजवरचा त्रासही धरतो आणि एकदाच घडलेला प्रकारही छळ ठरू शकतो असं म्हणतो. देशाने मान्यता दिली तरच तो बांधतो, पण लेखी तक्रारीत उल्लेख करायला काय जातंय. युनियन असेल तर तक्रार त्यांच्यामार्फत द्या, एकटीने देऊ नका.

प्रश्न : मी स्वतः सदस्य आहे. कर्मचारी फायली दाबून बसतात आणि जरा आवाज चढवला की छळ! मग लोकांची कामं करायची कशी?

उत्तर : फाइल 3 महिने का अडली हे विचारणं छळ नाही, ते तुमचं कामच आहे, दहा वेळा विचारा. फक्त लेखी विचारा, प्रमुखांना विचारा, सभेत विचारा. क्लार्कच्या डोक्यावर उभं राहून त्याची लायकी काढली की प्रश्न फाइलचा राहत नाही. आणि नियमात न बसणारी सही मागत असाल तर आवाज कितीही चढवा, उद्या अडकणार तो सही करणारा.

प्रश्न : व्हिडिओत पाहिलं तसं गोंधळी सदस्याला ऑनलाइन सभेतून बाहेर काढता येतं का?

उत्तर : तुम्ही हँडफोर्थचं म्हणताय! इंग्लंडमधली छोटी कौन्सिल, डिसेंबर 2020 ची झूम सभा, 2021 मध्ये व्हायरल झाली. सभा चालवायला बाहेरून आलेल्या अधिकारी जॅकी वीव्हरबाईंनी अध्यक्षांनाच काढलं आणि जगाने टाळ्या वाजवल्या (मीसुद्धा). पण नंतरच्या चौकशीत निघालं की नियमाने त्यांना तसा अधिकार नव्हता, परिस्थिती पाहता त्यांनी असं का केलं ते समजू शकतो एवढंच. तेव्हा आधी तुमची सभा-नियमावली काढा, बाहेर काढायचा अधिकार कोणाला ते बघा, आणि नसेल कोणालाच तर पुढच्या सभेत तोच विषय घ्या.