ट्रकच्या लाल दिव्यामागे

प्रश्न : जानेवारीत आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी ग्वाल्हेरहून आग्र्याला न्यायचंय. सकाळी दहाची वेळ मिळालीय. मला गाडी शिकून दीडच वर्ष झालं. घरचे म्हणतात, कोहरा, म्हणजे दाट धुकं, असला तर एखाद्या ट्रकच्या मागे लाग आणि चारही इंडिकेटर चालू ठेव. असं करावं का?
– एक भगिनी, जीवाजीगंज, लष्कर

उत्तर : ताई, दोन्ही सल्ले काळजीपोटी दिलेले आहेत, पण दोन्ही पाळू नका.

ट्रकचं आधी सांगतो, कारण त्यात मी स्वतः सापडलोय. एकतीस वर्षं मी ग्वाल्हेर–आग्रा–दिल्ली टॅक्सी चालवली. एका जानेवारीत मुरैना सोडल्यावर, चंबळच्या पुलाच्या अलीकडे, पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून चाललो होतो. रस्ता तो बघतोय, आपण दिवा बघायचा, एवढंच डोक्यात. ट्रक एकाएकी उजवीकडे सरकला आणि समोर भुशाची ट्रॉली उभी! तागाचं पाल दोन्ही बाजूंना फुगलेलं, मागे एकही दिवा नाही. ट्रकच्या आडून ती मला दिसलीच नव्हती. ब्रेक दाबला, गाडी घसरत कच्च्यात उतरली. मागे एक म्हातारं जोडपं बसलं होतं. कोणाला खरचटलं नाही, पण त्या आजी कितीतरी वेळ माझा दंड धरून होत्या. तो हात मला अजून आठवतो.

म्हणून सांगतो, पुढच्याचा दिवा दिसतो म्हणजे रस्ता दिसतो असं नाही. रिकामा रस्ता जेवढा दिसतोय, तेवढ्यात आपली गाडी थांबली पाहिजे. 60 च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक-दीड सेकंद जातो, म्हणजे 20-25 मीटर तिथेच गेले. दवाने ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी 25-30. झाले पन्नासच्या आसपास. हवामान खातं ज्याला अतिदाट धुकं म्हणतं, त्यात 50 मीटरसुद्धा दिसत नाही. 30 च्या वेगाला हेच सगळं 20 मीटरांत आटपतं. आणि वेग काट्यावर बघा, अंदाजावर जाऊ नका. कोहऱ्यात बाजूची झाडं, खांब मागे पळताना दिसत नाहीत, त्यामुळे वेगाचा अंदाज चुकतो.

चार इंडिकेटर गाडी बंद पडली, उभी राहिली तरच लावायचे. चालत्या गाडीला लावले तर मागच्याला वाटतं तुम्ही थांबलात, आणि तुम्हाला वळायचं असलं तर तो इशाराही देता येत नाही. हाय बीम नको. पाण्याचे बारीक थेंब तो उजेड आपल्याच डोळ्यांवर परत फेकतात, समोर पांढरा पडदा उभा राहतो. लो बीम आणि असले तर फॉग लॅम्प. आतून काच धुरकटली की एसी चालू करून हवा काचेवर सोडा. थंडीत एसी कशाला, असं आई म्हणतील, पण काच त्यानेच लवकर सुकते. डावीकडची पांढरी रेघ नजरेत ठेवा, पण तिच्यावर चढू नका, कडेला गाड्या उभ्या असतात.

आता माझं ऐकाल तर दहाची वेळच बदलून घ्या. दहाला पोचायचं तर साडेसहाला निघावं लागेल, आणि कोहरा सगळ्यात घट्ट असतो तो उजाडताना. वारा नसलेल्या, निरभ्र रात्री जमीन गार पडते, त्यात मुरैन्याकडे सरसों-गव्हाला पाणी दिलेलं असतं, त्या ओलाव्याने कोहरा आणखी दाटतो. ऊन वर आल्याशिवाय तो हलत नाही, कधी कधी बारा वाजतात. दवाखान्यात फोन करून दुपारची वेळ मागा. नाहीच मिळाली, तर आदल्या दिवशी जेवून निघा आणि आग्र्याला मुक्काम करा. एका रात्रीचा खर्च होईल, होऊ द्या.

आणखी एक. नव्या गाड्यांना पुढे दिवसा आपोआप लागणारे दिवे असतात. ते पेटलेले दिसले की आपल्याला वाटतं, दिवे चालू आहेत. बहुतेक गाड्यांत त्या वेळी मागचे लाल दिवे बंदच असतात. तेव्हा हेडलाइटचं बटण हाताने फिरवा, आईंना गाडीत बसवण्याआधी एकदा मागे जाऊन लाल दिवे पेटलेत का ते बघा, आणि त्यांच्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्या.