मुलीच्या संगीत शिक्षणासाठी ७५ लाखांचं लोन? आधी सांगा, विमा कोणाचा काढलाय

नमस्कार दादा,

तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. दादा नाशिकचे, वय ५१, अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत सुपरवायझर, हातात ९२ हजार, रिटायरमेंट ५८ ला. वहिनी घरी शिवणकाम करतात, महिन्याला आठ-दहा हजार सुटतात. लेक एकुलती एक, १८ ची, बारावी झाली. हार्मोनियम विशारद झालीय आणि गेली दोन वर्षं कॉलेजच्या एकांकिकांना लॅपटॉपवर पार्श्वसंगीत करून देतेय. तिला कंपोझिशनच, म्हणजे संगीतरचना, शिकायचंय आणि इंग्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या ३ वर्षांच्या डिग्रीचं ऑफर लेटर हातात आहे, फी वर्षाला २२ लाख. दादांचा प्रश्न एवढाच की राहता फ्लॅट तारण ठेवून ७५ लाखांचं लोन काढू, की पीएफमधले २५ लाख घालून लोन ५० वर आणू?

आणि मेलच्या शेवटी, जाता जाता लिहावं तशी एक ओळ आहे. "लोनची फार काळजी नाही, मुलीची पॉलिसी आहे, ती २४ ची झाली की ४५ लाख येणार आहेत, त्यात फिटेल."

दादा, मी त्या ओळीवरच थांबले. म्हणून तुमच्याकडून पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो मागवला. त्यात वरती प्रपोजर, म्हणजे पॉलिसी काढणारा, म्हणून तुमचं नाव आहे. त्याच्या खाली, ज्याच्या आयुष्याचा विमा आहे त्या रकान्यात मुलीचं नाव आहे. आणि अजून खाली प्रीमियम वेव्हरचा रकाना आहे, म्हणजे तुमचं काही बरंवाईट झालं तर पुढचे हप्ते कंपनीने भरायचे ती सोय, तो रकाना कोरा आहे. बारा वर्षं तुम्ही दरवर्षी ९६ हजार भरताय आणि विमा काढलाय तेव्हा सहा वर्षांच्या असलेल्या पोरीच्या जिवाचा, जिच्या कमाईवर घरातलं कोणीच अवलंबून नव्हतं. ज्याच्या पगारावर सगळं घर चालतं त्याच्या नावावर काय आहे? कंपनीचा ग्रुप विमा, १० लाखांचा, तोही नोकरी आहे तोवर.

मला याचा खरंच राग येतो, तुमचा नाही, विकणाऱ्याचा. "मुलीच्या भविष्यासाठी" म्हटलं की बाप प्रश्न विचारत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मुलीच्या भविष्याला सगळ्यात मोठा धोका तुम्ही मध्येच नसण्याचा, आणि नेमका तोच या कागदात कुठेच धरलेला नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर पॉलिसी सांगणार की पुढचे हप्ते भरा, बँक सांगणार की लोन भरा, आणि वहिनींच्या हातात शिवणाचे दहा हजार. तुम्ही लिहिलंय की शुगर आहे, गोळ्यांवर कंट्रोल आहे. मग हे काम पुढच्या महिन्यावर ढकलायचं नाही.

बरं, लोनच्या कोटेशनमध्येही १ लाख ९० हजारांच्या एकरकमी हप्त्याचा विमा घातलाय, तुम्ही त्याला "बँकेचा कंपलसरी विमा" म्हणताय. तो कायद्याने कंपलसरी नाही. आणि तोही मुलीच्याच नावावर आहे, कारण मुख्य कर्जदार ती! म्हणजे एका घरात मुलीच्या जिवाचे दोन विमे आणि बापाचा स्वतःचा एकही नाही. हा काढून टाका म्हणून लेखी कळवा.

तुम्ही करायचं ते असं. स्वतःच्या नावावर साधा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता जिवाचा विमा, १ कोटीचा, वयाच्या ६५ पर्यंत. शुगर धरून वर्षाला ५०-६० हजार पडतील असं धरून चला. फॉर्मवर शुगर लिहायची, किती वर्षांपासून आणि कुठली गोळी तेही लिहायचं, एजंट म्हणाला "राहू द्या, मेडिकलमध्ये येत नाही" तर त्या एजंटला नमस्कार करायचा. लपवलेली शुगर क्लेमच्या वेळी बाहेर येते आणि तेव्हा भांडायला तुम्ही नसता. पॉलिसी घेताना मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्टचा फॉर्म मागून घ्या. हा १८७४ चा जुना कायदा आहे, त्याखाली काढलेल्या विम्याचे पैसे बायको-मुलांचेच राहतात, कर्ज वसूल करणाऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. घर तारण ठेवायचा विचार करणाऱ्याने तर हा फॉर्म भरायलाच हवा. आणि कंपनीच्या मेडिक्लेमवर विसंबून राहू नका, स्वतःचा वेगळा आत्ताच घ्या, आधीपासूनच्या आजाराला ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ती वर्षं नोकरीत असतानाच संपू द्या.

आता ते ४५ लाख. ही रक्कम पॉलिसीत कुठेही छापलेली नाही, एजंटने पेनने मागच्या बाजूला लिहून दिलीय, त्याला किंमत शून्य. विमा रक्कम १६ लाख, त्यावर दरवर्षी जाहीर होणारा बोनस, १८ वर्षांचा धरला तरी सगळं मिळून २७-२८ लाखांच्या घरात जाईल. तुम्ही एकूण भरणार १७ लाख २८ हजार. म्हणजे परतावा ५ टक्क्यांच्या आसपास. हेच पैसे २०१५ मध्ये सुकन्या समृद्धी आली तेव्हा तिकडे वळवले असते तर आज १७-१८ लाख असते आणि त्यातले निम्मे कॉलेजसाठी काढता आले असते, पण ते आता गेलं.

मग पॉलिसी मोडायची? नाही. आता हे उलटं वाटेल, पण हिशोब बघा. ब्रँचने तुम्हाला सरेंडर व्हॅल्यू साधारण ११ लाख सांगितलीय. ते ११ लाख आणि पुढचे सहा हप्ते टाकून सहा वर्षांनी २७-२८ लाख मिळत असतील तर इथून पुढचा परतावा जवळजवळ १० टक्के बसतो, तोही टॅक्स फ्री. वाईट वर्षं तुम्ही भोगून झालात, राहिलेली बरी आहेत. चालू ठेवा. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा, रक्कम ४५ नाही, २७ धरायची, आणि मुलगी १८ ची झाली की अशी पॉलिसी तिच्या मालकीची होते, पैसे तिच्या खात्यात येणार. शाखेत जाऊन तिचा पॅन आणि बँक खातं जोडून घ्या.

आता तुम्ही विचारलेला प्रश्न, त्याला फार वेळ लागणार नाही. ७५ लाख तीन वर्षांत तीन हप्त्यांत उचलले, १० टक्के व्याज, डिग्रीची तीन वर्षं आणि वरचं एक वर्ष ईएमआय नाही पण व्याज चढतंय. चौथ्या वर्षाच्या शेवटी लोन होतं ९७ लाख. १५ वर्षांचा ईएमआय साधारण १ लाख ४ हजार. तुमचा पगार ९२. तेव्हा तुम्ही ५५ चे असाल, नोकरी उरली तीन वर्षं, त्यानंतर पीएफवाली पेन्शन सहा-सात हजार. २७ लाखांची पॉलिसी यात टाकली तरी ७० लाख उरतातच. व्याजावर टॅक्स वाचतो असं परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टंटने सांगितलं ते जुन्या रेजीमलाच, आणि आठच वर्षं. पीएफला तर हातच लावायचा नाही, तुमच्या म्हातारपणाला तेवढंच आहे.

शिवाय २२ लाख ही फक्त फी आहे. राहण्या-खाण्याचे लंडनबाहेरसुद्धा वर्षाला १२-१३ लाख धरा, म्हणजे एकूण खर्च एक कोटीच्या वर जातो. "ते पार्टटाइमवर निघेल, संगीतातलीच कामं मिळतात" असं कन्सल्टंट म्हणाला ना? हे मला सगळ्यात जास्त खटकलं. तिकडच्या स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते, पण स्वतंत्र फ्रीलान्स काम करता येत नाही आणि व्यावसायिक कलाकार म्हणूनही नाही. म्हणजे कॅफेत कप धुता येतील, कोणाच्या शॉर्ट फिल्मला पैसे घेऊन संगीत देता येणार नाही, आणि संगीतातलं काम तर बहुतेक सगळं फ्रीलान्सच असतं. शिक्षण संपल्यावर जो व्हिसा मिळतो तोही १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी दीड वर्षाचा आहे. तिचं शिक्षण त्यानंतरच संपणार.

कंपोझिशन शिकून पोट भरतं का, हेही तुम्ही दबक्या आवाजात विचारलंय. भरतं, पण महिन्याच्या महिन्याला भरत नाही. माझ्याकडे एक क्लायंट आहे, सिरीयल आणि जाहिरातींना पार्श्वसंगीत देतो, चांगलं नाव आहे, त्याचं पासबुक बघितलं की कळतं. जूनमध्ये शून्य, जुलैमध्ये १ लाख १० हजार, त्यातले १० टक्के टीडीएस आधीच कापलेले, मग ऑक्टोबरपर्यंत काही नाही, आणि दिवाळीत मार्चच्या कामाचे पैसे. वर्षाची बेरीज वाईट नाही, पण १ लाख ४ हजारांचा ईएमआय पाच तारखेला जातो, त्याला दिवाळीपर्यंत थांब म्हणता येत नाही. ईएमआय डोक्यावर असलेली पोरगी पहिल्याच वर्षी मिळेल ते काम घेईल, बहुतेक संगीत सोडून दुसरंच.

संगीतकार वनराज भाटियांचं बघा. मुंबईचा माणूस, लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकले, मग पॅरिसला प्रसिद्ध संगीतशिक्षिका नादिया बुलांजेंकडे, तेही स्कॉलरशिपवर. यापेक्षा मोठं शिक्षण या विषयात काय असणार? परत आल्यावर हजारो जिंगल्स केल्या. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि २०१९ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, खात्यात पैसे उरले नाहीत अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. विद्या कमी पडली नव्हती दादा. या क्षेत्रात पैशाची व्यवस्था वेगळी लावावी लागते, ती कोणी शिकवत नाही, म्हणून मी एवढं लिहितेय.

त्यातली एक गोष्ट लेकीला आजच सांगा. २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला, त्यानंतर सिनेमातलं गाणं किंवा संगीत थिएटरबाहेर कुठेही वाजलं, टीव्हीवर, रेडिओवर, ॲपवर, तर रॉयल्टीत संगीतकाराचा वाटा असतो आणि तो हक्क प्रोड्युसरला लिहून देता येत नाही. पण तो वाटा आपोआप खात्यात येत नाही, आयपीआरएस म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था, तिची मेंबरशिप घ्यावी लागते, प्रत्येक रचना तिथे नोंदवावी लागते. पहिली रचना प्रसिद्ध झाली की लगेच. आणि एकांकिकेवाल्या मित्रांशीसुद्धा कोणी काय केलं, हक्क कोणाचे, हे एका साध्या मेलवर लिहून ठेवायची सवय आत्तापासून लावायची.

मग शिकायचं कुठे? शिकायचंच, यात मला शंका नाही. तुम्ही पाठवलेलं तिचं ते दोन मिनिटांचं संगीत मी ऐकलं, हार्मोनियमचा भाता नुसता हलतो त्याचा श्वासासारखा आवाज तिने तालासाठी वापरलाय, असं डोकं सगळ्यांना नसतं. पण डिग्री इथे करू दे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, पाश्चात्य अंगाने जायचं तर चेन्नईला रहमान यांनी २००८ मध्ये सुरू केलेली केएम म्युझिक कॉन्झर्वेटरी आहे. पुण्यात राहून-खाऊन, फी धरून, आणि घरी कामापुरता सेटअप म्हणजे बरा लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, मिडी कीबोर्ड, हेडफोन असे दोन-अडीच लाख घालून, तीन वर्षांचे दहाएक लाख होतील. तुमची ५ लाखांची एफडी आणि १२ लाखांचे म्युच्युअल फंड आहेत, त्यातून हे लोनशिवाय होतं. डिग्री झाली की फिल्म इन्स्टिट्यूटचा साउंडचा कोर्सही खुला होतो, त्याला पदवी लागतेच. मग दोन-तीन वर्षं मुंबईत एखाद्या संगीतकाराकडे असिस्टंट किंवा म्युझिक प्रोग्रॅमर म्हणून काम, आवाज कसा विकला जातो ते तिथे कळतं.

आणि मग ती होईल २४ ची. तेव्हा तिच्या खात्यात येतील ते २७ लाख. परदेशातली मास्टर्स इंग्लंडमध्ये साधारण एका वर्षाची असते, आणि जे. एन. टाटा एन्डोमेंट किंवा इनलॅक्स यांच्यासारख्या स्कॉलरशिप पदवीनंतरच्याच शिक्षणाला आहेत, बारावीनंतर नाहीत. तेव्हा दहा-पंधरा लाखांचं लोन लागलं तर ते तिच्या नावावर, घर तारण न ठेवता निघतं का ते बघू. हातात डिग्री, दोन-तीन वर्षांचं काम आणि स्वतःच्या रचना घेऊन गेली तर तिथे शिकवतात ते तिला पेलेलही.

तिच्याशी बोलताना एक विनंती, "पैसे नाहीत म्हणून जाऊ नकोस" असं सांगू नका. ९७ लाख आणि १ लाख ४ हजार हे दोन आकडे कागदावर लिहून तिच्यासमोर ठेवा आणि तिलाच हिशोब करू द्या, १८ ची आहे, लोनवर सही तिचीच होणार होती. ऑफर लेटरचं डिपॉझिट अजून भरलं नसेल तर भरू नका.

आधी टर्म प्लॅनचा अर्ज करा दादा, या आठवड्यात. मेडिकलला सकाळी उपाशीपोटी बोलावतील, गोळी चालू ठेवायची की नाही ते तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि जाताना गेल्या दोन वर्षांचे शुगरचे रिपोर्ट बरोबर न्या.