अमेरिकन समाज खरोखर बदलून टाकणारा बातम्यांमधला क्षण कोणता? क्रॉन्काइटचं व्हिएतनामवरचं भाष्य हाच ना?

नाही. क्रॉन्काइटचं नाव प्रश्नातच आलंय म्हणून लिहायला घेतलं, कारण त्या भक्तमंडळींशी माझा वाद जुना आहे.

गोष्ट अशी सांगतात: २७ फेब्रुवारी १९६८ ला सीबीएस वाहिनीवर निवेदक वॉल्टर क्रॉन्काइटने ‘व्हिएतनाममध्ये आपण कोंडीत सापडलोय’ अशा अर्थाचं भाष्य केलं, ते बघून अध्यक्ष जॉन्सन खचले आणि ३१ मार्चला त्यांनी पुन्हा उभं न राहण्याची घोषणा केली. पण जॉन्सन त्या रात्री टीव्हीसमोर नव्हतेच. ते ऑस्टिनला टेक्सासचे गव्हर्नर कॉनली यांच्या वाढदिवसाच्या समारंभात होते. शिवाय ‘युद्धात उतरणं चूक होती’ म्हणणारे लोक गॅलप संस्थेच्या जनमत पाहणीत १९६७ च्या ऑक्टोबरातच ‘चूक नव्हती’ म्हणणाऱ्यांच्या पुढे गेले होते. म्हणजे क्रॉन्काइट लोकांच्या मागून आला.

माझं उत्तर ७ नोव्हेंबर २००० ची रात्र, म्हणजे रिपब्लिकन जॉर्ज बुश विरुद्ध डेमोक्रॅट अल गोर या अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालाची. त्या रात्री निवेदक काय बोलले याला महत्त्व नाही. पडद्यामागच्या आकडेमोडीला आहे.

आपल्याकडे निकाल निवडणूक आयोग जाहीर करतो. तिथे केंद्रात असं कुणी नाही. फेडरल इलेक्शन कमिशन फक्त प्रचाराच्या पैशावर लक्ष ठेवतं. मोजणी प्रत्येक काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) करते आणि राज्याची अधिकृत मोहोर पुढच्या काही आठवड्यांत लागते. मधली पोकळी वाहिन्या भरतात. प्रत्येक वाहिनीच्या ‘डिसिजन डेस्क’वर संख्याशास्त्रवाले बसतात. निवडक केंद्रांवरचे एक्झिट पोल, त्याच केंद्रांची प्रत्यक्ष मोजणी आणि काउंट्यांच्या बेरजा आधीच्या एखाद्या निवडणुकीशी ताडून ते राज्य कुणाच्या नावावर टाकायचं ते ठरवतात. २००० मध्ये एबीसी, सीबीएस, एनबीसी, सीएनएन, फॉक्स आणि एपी ही वृत्तसंस्था अशा सहा जणांनी मिळून चालवलेली व्होटर न्यूज सर्व्हिस हा डेटा पुरवत होती. डेस्क वेगवेगळे, पण सगळ्यांच्या घरी पाणी एकाच विहिरीचं.

सगळं फ्लोरिडावर अडलं होतं, ते राज्य ज्याचं तो अध्यक्ष. पहिली चूक संध्याकाळी. पूर्वेकडच्या वेळेनुसार ७:५० च्या सुमारास सगळ्यांनी फ्लोरिडा गोर यांना दिलं. एक्झिट पोलचा नमुना गोर यांच्या बाजूला झुकलेला होता. टपाली मतं एकूण मतांच्या ७.२ टक्के धरली होती, निघाली १२ टक्के, आणि ती बुश यांच्याकडे झुकलेली. घोषणेनंतर डुव्हाल काउंटीचा एक आकडाही चुकीचा चढवला गेला. शिवाय फ्लोरिडाचा पश्चिमेकडचा पट्टा मध्य कालविभागात येतो, तिथलं मतदान ८ पर्यंत चालू होतं. राज्यातली बहुतेक केंद्रं बंद झाली की घोषणा करायला हरकत नाही, ही तेव्हाची पळवाट. दहाच्या सुमारास घोषणा मागे घेतली.

दुसरी चूक जास्त महाग पडली. दोन वाजून गेल्यावर पडद्यावर आकडे असे होते: बुश यांची आघाडी ५१,४३३, शिल्लक मतं १,७९,७१३. गणित मांडून बघा. गोर यांना उरलेल्यातली सुमारे ६४ टक्के मतं हवी होती. अशक्यच वाटणार. २:१६ ला फॉक्सने बुश जिंकल्याचं सांगितलं, पुढच्या चार मिनिटांत बाकीच्या चारही वाहिन्यांनी.

पण दोन्ही आकडे चुकीचे होते. व्होलुशिया काउंटीत मतमोजणी यंत्राचं एक मेमरी कार्ड बिघडलं होतं. त्यामुळे गोर यांच्या बेरजेतून मतं चक्क वजा झाली. आघाडीतली चूक २० हजारांहून जास्त. शिल्लक मतांचा अंदाजही फसला होता, खरी शिल्लक जवळपास दुप्पट होती आणि त्यातली बरीच पाम बीचसारख्या गोरधार्जिण्या काउंट्यांतली. दुरुस्त आकडे घालून तेच गणित केलं, तर ६४ च्या जागी साधारण ५४ टक्के येतात. म्हणजे चुरस कायम होती. एपीची काउंट्यांमधून आकडे गोळा करणारी स्वतःची वेगळी यंत्रणा होती. तिच्यात आघाडी घटताना दिसत होती, म्हणून एपीने घोषणा केली नाही. व्होटर न्यूज सर्व्हिसनेही केली नाही. नेमकं हे कुणी सांगत नाही.

पुढचं माहीत असेलच. गोर यांनी फोन करून हार मानली, नॅशव्हिलमध्ये भाषणासाठी निघाले, वाटेत सहकाऱ्यांना खरे आकडे कळले आणि दुसरा फोन करून त्यांनी ती मागे घेतली. चारच्या सुमारास वाहिन्यांनीही शब्द गिळले. ३६ दिवस वाद चालला, तो १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने मिटवला. अंतिम फरक ५३७ मतांचा.

समाज यातून दोन अंगांनी बदलला. एक म्हणजे, पडद्यावर एकदा बुश अध्यक्ष झाले म्हटल्यावर गोर ‘हरूनही न मानणारा माणूस’ ठरले. खरं तर कुणीच जिंकलेलं नव्हतं. दुसरं अंग रंगांचं. त्याआधी वाहिन्यांचे नकाशे वाटेल तसे रंगवलेले असत. १९८० मध्ये एनबीसीच्या नकाशात रिपब्लिकन रेगन यांची राज्यं निळी होती. २००० मध्ये मात्र तोच लाल-निळा नकाशा महिनाभर रोज दिसत राहिला आणि रिपब्लिकन लाल, डेमोक्रॅट निळे हे पक्कं झालं. आज तिथली माणसं स्वतःची ओळखही या रंगांनी सांगतात.

तुम्हाला तिथली निकालाची रात्र समजून घ्यायची असेल तर ‘इतकी टक्के केंद्रं मोजून झाली’ हा आकडा सोडून द्या. टपाली मतं त्यात नीट दिसत नाहीत. ‘अपेक्षित मतांपैकी किती मोजली’ तो बघा. शिल्लक मतं कोणत्या काउंटीतली आणि कोणत्या प्रकारची ते शोधा, मग वर केलं तसं गणित करा. पेनसिल्वेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये टपाली लिफाफे मतदानाच्या दिवसाआधी उघडायला परवानगी नसते. आणि हल्ली टपाली मतं डेमोक्रॅटांकडे झुकतात, त्यामुळे रात्री दहाचा तिथला नकाशा आहे त्यापेक्षा लाल दिसतो. २०२० च्या ट्रम्प विरुद्ध बायडेन निवडणुकीत यावरूनच वाद पेटला. आणि फॉक्सने त्या रात्री ११:२० ला अ‍ॅरिझोना बायडेन यांना दिलं, तेव्हा त्यांचे स्वतःचेच रिपब्लिकनधार्जिणे प्रेक्षक उलटले. शेवटी बायडेन तिथे १०,४५७ मतांनी जिंकले. उत्तर बरोबर आलं, तरी तितकी घाई करायला नको होती असं माझं मत. बाकीच्या मोठ्या वाहिन्या १२ नोव्हेंबरपर्यंत थांबल्या होत्या, त्यांचं काही बिघडलं नाही.

एक गोष्ट मान्य करतो. टीव्हीने थेट काही बदललं नाही असं सरसकट म्हणता येणार नाही. ७ मार्च १९६५ ला अलाबामातल्या सेल्मामधल्या पुलावर पोलिसांनी कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांना झोडपलं. ती दृश्यं एबीसीने रविवारचा चित्रपट मध्येच तोडून दाखवली आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला. ते उदाहरण दिलं असतंत तर मी वाद घातला नसता.

आता खाली कुणीतरी जॉन एलिसचं नाव काढेलच, म्हणून आधीच लिहितो. हो, २००० च्या त्या रात्री फॉक्सच्या डेस्कचा प्रमुख एलिस हा बुश यांचा सख्खा आतेभाऊच होता. त्याला तिथे बसवायला नको होतं, आणि फॉक्सच्या घोषणेचा इतरांवर दबाव आला असणार हेही खरं. पण ५१,४३३ हा आकडा एलिसने तयार केला नव्हता. तो सगळ्यांच्या पडद्यावर एकाच वेळी होता. वाहिन्यांनी बुश यांना ठरवून निवडून आणलं म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, एनबीसी आणि सीबीएसच्या डेस्कवर त्यांचा कोणता नातलग बसला होता?