मुक्कामी गाडी : ‘लिहायला बसलो की कोणी ना कोणी येतंच’

(वाचकांच्या प्रश्नांचं सदर. उत्तरं देणारे काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असतानाच ते कथा लिहू लागले, अजून लिहितात.)

प्रश्न : काका, नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं ऑनलाइनचं दुकान आहे. लोक त्याला सेतूच म्हणतात. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, केवायसी, सगळं करतो. लग्न झालंय, एक पोरगी आहे. तीन एकर कोरडवाहू आहे, ती बाबा पाहतात. मी वऱ्हाडीतून कथा लिहितो. कॉलेजात असताना दोन छापून आल्या होत्या. आता पहिला परिच्छेद होतो अन् तिथंच अडकतं. दिवसभर दुकान, संध्याकाळी पानठेल्यावर मित्र. नाही गेलो तर ‘लेखक झाला बे तो, आता काहून येते आपल्यात’ असं ऐकावं लागतं. उन्हाळाभर लग्नं, मग तेरव्या, वावरातल्या रोडग्यांच्या पंगती, सप्ताह. रात्री वही उघडली तर डोळे मिटतात, अन् बायको म्हणते, ‘दिवसभर लोकायचे, रात्री कागदाचे, आमचे कवा?’ दुकान सोडता येत नाही, माणसं सोडवत नाहीत. मग लिहिणंच सोडू काय? यंदा एक कथा दिवाळी अंकाला पाठवायची इच्छा आहे.
— एक सेतूवाला, जि. यवतमाळ

उत्तर : बाबू, पत्रात दुकानाची तक्रार तू दोन शब्दांत आटोपलीस अन् पानठेल्यावर दोन ओळी खर्च केल्यास. म्हणजे तुला कामाचा त्रास कमी आहे, माणसांचा जास्त. तेच धरून बोलू.

माझी बरीच नोकरी मुक्कामी गाड्यांवर गेली. रात्री साडेआठ-नऊला गाडी शेवटच्या गावात लागायची, सकाळी सहाला तिथूनच सुटायची. ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर आडवा व्हायचा. मी आतला दिवा लावून वही काढली की पाच मिनिटांत त्याचा आवाज यायचा, ‘बॅटरी उतरते ना बावा, बंद कर तो लाईट.’ म्हणून मी देवळाच्या ओट्यावर बल्बाखाली बसायचो. सामुदायिक प्रार्थना आटोपून माणसं नुकतीच पांगलेली असायची, त्यातली चार-सहा पुन्हा येऊन बसायची. कंडक्टर म्हणजे तालुक्याच्या बातम्या घेऊन आलेला माणूस. तो गावात असताना गावानं त्याला एकटं कसं सोडावं?

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, पसरून, चिल्लरचे ढीग लावून पैसे मोजत असलो की ओट्यावर कोणी एक शब्द बोलत नसे. बोलला तर दुसरा त्याला दाबायचा, ‘हिसाब चालू हाय त्यायचा.’ पैसे जुळले, चिल्लर पिशवीत गेली, वेबिल मिटलं की लगेच मांडीला मांडी लावून विचारणार, ‘मंग साहेब, काय म्हन्ते यवतमाळ?’ आपल्याकडे हिशेब करणाऱ्या माणसाला मान आहे, कथा लिहिणाऱ्याला नाही. मी भांडलो नाही. हिशेब झाला तरी चिल्लरचे ढीग तसेच समोर ठेवायचे अन् वेबिलाच्या आडोशाला वही उघडायची, असं सुरू केलं. माझ्या बऱ्याच कथांचा पहिला खर्डा असा नाण्यांच्या राखणीत झालेला आहे.

तर तूही बाजारातून लाल कापडी बांधणीची लांबोडी खतावणी वही आण अन् त्यात कथा लिही. काउंटरवर ती उघडी असली तर येणारा म्हणेल, उधारी लिहून रायला. तुझं शटर अर्धं खाली असलं की गाव काय समजतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल : पोरगा जेवायला बसला. जेवणाऱ्यालाही आपल्याकडे कोणी उठवत नाही. हे दोन मान तुला आयते मिळालेत, ते वापर.

आता वेळेचं. ‘लिहायला वेळ नाही’ असं आपण सरसकट म्हणतो, पण लिहिण्यातलं प्रत्येक काम एकाच जातीचा वेळ मागत नाही. पहिला खर्डा सलग वेळ मागतो. मधे कोणी आलं की तो तुटतो अन् पुन्हा सांधताना जीव जातो. दुरुस्तीचं तसं नाही, ती तुकड्या-तुकड्यानं होते. तुझ्या दुकानात सर्व्हर डाऊन होतो ना? समोर चार माणसं आधार कार्ड घेऊन बसलेली, चक्री फिरून राहिली अन् तू स्क्रीनकडे पाहत बसलेला. तो वेळ दुरुस्तीचा. प्रिंटर तुझ्या हाताशी आहे, आमच्या वेळी ही चैन नव्हती. खर्डा टाइप करून मोठा समास सोडून प्रिंट काढ, अंगठ्याच्या मशीनखाली ठेवून दे. सर्व्हर गेला की लाल पेन काढायचा, एक पान तपासायचं, सर्व्हर आला की पुन्हा मशीनखाली. लाईन गेली तरी कागद चालतो.

खर्ड्यासाठी मात्र वर्षाकडे पाहावं लागेल. दिवाळी अंकांना मजकूर साधारण जुलै-ऑगस्टपर्यंत हवा असतो. हे वेळापत्रक ठरवणाऱ्याच्या घरी पेरणी नव्हती, हे उघड आहे. जूनमध्ये तुझ्याकडे शाळा-कॉलेजाच्या दाखल्यांची गर्दी, घरी बियाण्याची धावपळ, अन् मग ३१ जुलैच्या पीक विम्याच्या तारखेपर्यंत तुला पाणी प्यायला फुरसत नाही. त्या दोन महिन्यांत कथा सुरू करायचा विचारही करू नकोस. मृग लागायच्या आत कथा पूर्ण लिहून झालेली पाहिजे. पुढं झड लागली, चार दिवस सूर्य नाही, वावरात पाय ठेवता येत नाही, तेव्हा शेवटचा हात फिरवायचा.

मग लिहायची कधी? एप्रिल-मे, दुपारी बारा ते चार. आपल्याकडचं ऊन लोकांना शाप वाटतं, मला ती सुट्टी वाटते. पारा पंचेचाळिसाला टेकला की त्या वेळी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तुझ्या दुकानात कोण येणार? कूलरमध्ये पाणी टाक, शटर अर्धं कर, वही उघड. आठवड्यातून तीन दुपारी पुरेत. बाकीच्या दुपारी घरी जाऊन बायकोच्या हातचं तिच्यासमोर बसून जेव, अन् फोन दुकानात ठेवून जा. रात्रीचं लिहिणं आजपासून बंद. सकाळपासून लोकांचे अंगठे घेऊन थकलेला माणूस रात्री जे लिहितो ते सकाळी बहुधा खोडावंच लागतं, अन् त्यापायी घरात धुसफूस होते ती वेगळी. सूनबाईंचं म्हणणं मला सोळा आणे पटलं.

लग्नांचं म्हणशील तर माझा नियम साधा होता. मयत अन् तेरवी चुकवायची नाही. लग्नाला जायचं, अक्षता टाकायच्या, आहेर द्यायचा, पंगतीत बसायचं. पण वरातीत डीजेमागं तीन तास, आदल्या रात्रीची हळद, दुसऱ्या दिवशीचं स्वागत, हे सगळीकडे करायचं नाही. लोक रागावतात, पण पंगतीत दिसलेल्या माणसावर फार दिवस रागावत नाहीत.

रोडग्यांना मात्र जा. आधी जा अन् उशिरा निघ. सगळ्या कार्यक्रमांत लेखकाच्या कामाचा हाच, असं माझं ठाम मत आहे. वावरात लिंबाखाली गोवऱ्यांचा जगरा पेटलेला, जाड कणकेचे गोळे निखाऱ्यात पुरलेले, गंजात वांग्याची भाजी रटरटून राहिली. रोडगे भाजायला वेळ लागतो अन् तोवर कोणाला काही काम नसतं. अशा वेळी माणसं खरं बोलतात. वाटणीत धुऱ्यावरचं आंब्याचं झाड कोणाकडे गेलं, कोणत्या भावानं कोणाला कोर्टात ओढलं, पोरीचं स्थळ कशावरून मोडलं. बोलणारा काडीनं राख उकरत असतो, तुझ्याकडे पाहतही नाही. एकजण रोडगा काढतो, फडक्यात धरून राख झटकतो, फोडतो, आत कच्चा निघाला की पुन्हा पुरतो, अन् तेवढ्या वेळात दहा वर्षांपूर्वीचं भांडण पहिल्या शब्दापासून सांगून होतं. पानठेल्यावर हे ऐकायला मिळत नाही, तिथं सगळे घाईत अन् थट्टेच्या मूडमध्ये असतात. पण तिथं फोन काढून टिपून घेऊ नकोस, माणूस लगेच गप्प होतो. घरी येताना पुलियावर मोटारसायकल थांबव अन् दोन ओळी लिहून घे. संपूर्ण किस्सा नको, त्यानं वापरलेले शब्द तेवढे. किस्सा लक्षात राहतो, शब्द सकाळपर्यंत उडून जातात.

पानठेल्यावर रोज जायची गरज नाही, बाजाराच्या दिवशी जा. त्या दिवशी आजूबाजूच्या गावचेही भेटतात. ‘लेखक झाला बे’ हा टोमणा मनावर घेऊ नकोस. उलट एखाद्या बाजारी लिहिलेलं पान त्यांना वाचून दाखव, कोणाचं आहे ते न सांगता. वऱ्हाडीतून लिहितोस ना? मग त्यांच्याइतका कडक संपादक तुला पुण्यात मिळणार नाही. ‘आपल्याइकडे असं नाई म्हनत बे कोणी’ एवढं एक वाक्य मिळालं तरी तुझा चहा वसूल.

पहिल्या परिच्छेदावर अडकतोस कारण दरवेळी बसलास की तोच वाचतोस अन् तोच सुधारतोस. वही उघडली की मागचं पान पाहू नकोस. रोडग्यावर ऐकलेलं बोलणं सरळ लिहायला घे, सुरुवात कथा संपल्यावर करता येते. अन् लांबी आवर. तुझ्यासारख्यानं सध्या दीड-दोन हजार शब्दांची कथा धरावी, कादंबरीचं नाव काढू नये. तुझ्या दारव्ह्यावरून शकुंतला ही छोटी रेल्वे ज्या मूर्तिजापूरला जायची, तिथं १९०१ साली जन्मलेले कवी अनिल आधी न्यायखात्यात होते, मग समाजशिक्षणाच्या कामात. जन्मभर नोकरी करूनच कविता. पुढं त्यांनी दहा ओळींचा दशपदी हा प्रकार रूढ केला अन् त्या दशपदींच्या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नोकरीमुळे त्यांनी लहान लिहिलं असं मी म्हणत नाही, तो त्यांचा कवितेचा विचार होता. पण दहा ओळीत मोठं काम होतं, हे तर दिसलंच.

कथा जुलैच्या सुरुवातीलाच पाठव. एक कथा एका वेळी एकाच अंकाला. नकार आला नाही अन् होकारही आला नाही तर दिवाळीनंतर दुसरीकडे पाठवायला तू मोकळा.

प्रश्न : मी आशा सेविका आहे, वरूडकडची. घर, सर्वे, मीटिंग सांभाळून कथा लिहिते. गावातल्या एका बाईच्या बाळंतपणाची हकीकत मनात घर करून आहे. लिहू का? तिनं किंवा तिच्या घरच्यांनी ओळखलं तर गावात राहणं कठीण होईल.
— एक ताई, जि. अमरावती

उत्तर : ताई, तुम्ही त्या घरात रजिस्टर घेऊन गेला होता का? गेला असाल तर ही कथा लिहू नका. त्या दारातून गाव तुम्हाला ज्या भरवशावर आत घेतं तो भरवसा तुमच्या नोकरीला दिलेला आहे, तुमच्या वहीला नाही. नावं बदलून भागत नाही, गाव नावावरून माणूस ओळखतच नाही. ते ओळखतं सासूच्या स्वभावावरून, घर कोणत्या गल्लीत आहे त्यावरून, अन् अँब्युलन्स रात्री किती वाजता आली होती त्यावरून.

मनात घर केलं म्हणता, तर त्यात तुमचं स्वतःचं काय आहे ते पाहा. त्या रात्री तुम्ही बाहेर ओसरीवर बसलात, तुमचं पोरगं घरी तापानं फणफणत होतं, असं काही असेल. ते तुमचं आहे, त्यावर कोणाचा हक्क नाही. कथा त्या आशाताईची करा. बाळंतीण आतल्या खोलीतच राहू द्या, तिचं दार उघडूच नका. शेजारीण म्हणून, संत्र्याच्या बागेत सोबत काम करताना कोणी काही सांगितलं असेल तर त्याचं वेगळं. तिथं धंदा, गाव, शेवट सगळं फिरवता येतं, अन् शक्य असेल तर तिला एकदा विचारावंही. आपल्याकडच्या बाया पुष्कळदा ‘लिही वो, लिही’ म्हणतात, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर रोज सकाळी गावच्या ग्रुपवर एक चारोळी टाकतो. साठ-सत्तर अंगठे येतात. याला लेखन म्हणावं का? घरचे म्हणतात, रिकामा उद्योग आहे.
— एक गुरुजी, जि. वाशीम

उत्तर : गुरुजी, रोज लिहिता हे उत्तम, घरच्यांचं ऐकू नका. पण अंगठ्यांवर भरवसा ठेवू नका, आमच्या ग्रुपवर मयतीच्या निरोपालाही अंगठा येतो. महिनाअखेरीस सगळ्या चारोळ्या पुन्हा वाचा, ज्या दोन-तीन स्वतःच्या हातानं वहीत उतरवाव्याशा वाटतील तेवढ्या उतरवा. त्या ग्रुपवर टाकू नका. वर्षानं त्यातल्या निवडक एखाद्या मासिकाला पाठवा, कागदाच्या एकाच बाजूला लिहून, अन् प्रत स्वतःजवळ ठेवून.